राउटरमधला द्वारपाल

घराघरांत इंटरनेट पोंचविणारी राउटरची पेटी बहुधा एखाद्या फडताळावर धूळ खात पडलेली असते. दिवे लुकलुकत आहेत तोंवर तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. परंतु तिचा परवलीचा शब्द बदलावयाची वेळ आली म्हणजे गृहस्थ ब्राउझरमध्यें १९२.१६८.१.१ असा कांहीं क्रमांक लिहितो आणि समोर एक पान उघडतें. हें पान दूरच्या कोणा संगणकावरून आलेलें नसतें. तें त्या पेटींतच तयार होतें. तें तयार करणारा चिमुकला वेब सर्व्हर हा त्या पेटीचा द्वारपाल होय. प्रिंटर, कॅमेरे व मोठमोठे संगणक यांचाहि कारभार अशाच द्वारपालांच्या हातून चालतो.

ही योजना सोयीची आहे यांत शंका नाहीं. पेटीला पडदा नसतो कीं कळफलक नसतो. ब्राउझर मात्र प्रत्येकाजवळ असतो. रचणाराची खरी अडचण असते ती जागेची. पेटींतली मेमरी बेताची, आणि तींतील बरीचशी मुख्य कामासाठींच राखावी लागते. म्हणून द्वारपालाला मोजके कप्पे आंखून देतात. अशा मोजक्या कप्प्यांतूनच एकदां मोठा अनर्थ उद्भवला.

अमेरिकेंतील अलेग्रो या कंपनीचा रॉमपेजर नांवाचा सर्व्हर जगभरच्या लक्षावधि पेट्यांत बसविला गेला. ब्राउझर ओळखीसाठीं जी चिठ्ठी दाखवितो तिला कुकी म्हणतात. रॉमपेजरच्या २००२ सालच्या ४.०७ या आवृत्तींत अशा चिठ्ठ्यांकरितां दहा कप्पे होते. चिठ्ठीवर कप्प्याचा क्रमांक असे. पण तो दहांच्या आंतला आहे कीं नाहीं, हें तपासलें जात नसे. भलताच मोठा क्रमांक घातलेली चिठ्ठी आली कीं तिचा मजकूर मेमरींत नको त्या ठिकाणीं जाऊन पडे, आणि पाठविणारा परवलीच्या शब्दावांचून पेटीचा धनी होऊं शके.

ही चूक २००५ सालींच दुरुस्त झाली होती. तरीहि डिसेंबर २०१४ मध्यें चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनीं ती जाहीर केली, तेव्हां १८९ देशांतील निदान १ कोटि २० लाख पेट्या उघड्या असल्याचें त्यांना आढळलें. औषध तयार होऊन नऊ वर्षें लोटलीं, पण तें रोग्यापर्यंत पोंचलें नाहीं.

असें कां व्हावें? असा सर्व्हर पुष्कळदां चिप बनविणारा घेतो व चिपेबरोबर पेटी बनविणाराला देतो. ती पेटी इंटरनेट पुरविणारी कंपनी आपल्या नांवानें वांटते, आणि शेवटीं ती गृहस्थाच्या फडताळावर येते. प्रत्येक टप्प्यावर माल पुढें जातो. दुरुस्तीची जबाबदारी मात्र मागेंच राहते. आंत कोणाचा, कोणत्या सालचा द्वारपाल आहे, हें विकणारालाहि पुष्कळदां सांगतां येत नाहीं. बाहेरून पान उघडण्याची सोय बंद ठेवणारेहि त्या वेळीं निर्धास्त नव्हते. कारण कंपन्यांनीं देखभालीसाठीं राखलेल्या ७५४७ क्रमांकाच्या दारावरहि पुष्कळ पेट्यांत हाच रॉमपेजर उभा होता. ज्या वाटेनें दुरुस्ती यावयाची, तीच वाट चोराला मोकळी होती.

म्हणून रचणारानें पहिल्याच दिवशीं पुढच्या दहा वर्षांचा विचार करावयास हवा. बाहेरून येणारा प्रत्येक अंक तपासावा. पेटींत कोणाचें कोणतें सॉफ्टवेअर आहे याची यादी ठेवावी. नवी आवृत्ति खऱ्या निर्मात्याचीच आहे अशी खात्री पेटीला स्वतः करून घेतां यावी. आणि ती बसवितांना वीज गेली तर जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय असावी. युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या कायद्यानें निर्मात्यांवर सामान्यतः निदान पांच वर्षें अशा दुरुस्त्या पुरविण्याचें बंधन घातलें असून त्याचीं मुख्य कलमें डिसेंबर २०२७ पासून लागू करण्याचें ठरलें आहे.

कोंकणांत कौलारू घर कितीहि मजबूत बांधलें तरी पावसाळ्यापूर्वीं तें शाकारावें लागतें. पेटी विकत घेणारानेंहि किंमत विचारतांना, तिची शाकारणी कोण करणार आणि किती वर्षें करणार, हें विचारून घ्यावें.