एकाचे दोन दिसतात तेव्हा

आम्ही मोहर्लीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. मोह वेचायचे दिवस जवळ आले, आणि आज बोलायचं आहे डोळ्यांबद्दल आणि गवतातल्या किड्याबद्दल. या दोघांचा काय संबंध, असं वाटेल. आम्हालाही मागच्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हता.

आमच्या गटातल्या एका ताईला पोळ्यानंतर ताप भरला. धानाचं निंदण चालू होतं, अंग दुखणारच, म्हणून चार दिवस तसेच गेले. मग एका ठिकाणी सलाईन लावून घरी पाठवलं. ताप काही हटेना. शेवटी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं लुगडं बाजूला करून नीट पाहिलं, तर परकराच्या नाडीखाली काळी खपली. विडीचा चटका बसावा तशी, न दुखणारी. स्क्रब टायफस.

हा ताप चिगर नावाच्या बारीक किड्याच्या पिलामुळे होतो. गवतात, झुडपात, उंदीर असतात तिथे तो असतो, डोळ्याला धड दिसतही नाही. 2018 च्या पावसाळ्यात आपल्या विदर्भात यानं कित्येकांना गाठलं, माणसंही दगावली. डॉक्सिसायक्लिनची साधी गोळी वेळेवर मिळाली तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. म्हणून ताप आला की काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला पाहायचं. लाज वाटते, पण पाहायचं. गरोदर बाईनं तसं आधी सांगायचं, तिला दुसरं औषध देतात.

गोचिडीचेही आजार आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 2016 मध्ये माकडतापानं माणसं गेली, तो गोचिडीमुळेच. अमेरिकेत लाइम नावाच्या गावावरून ओळखला जाणारा एक आजार आहे, त्यात नसा दुखावतात आणि एकाचे दोन दिसू शकतात. आपल्याकडे तो क्वचित. पण नसेचं दुखणं स्क्रब टायफसमध्येही होऊ शकतं, आणि ताईचं तेच झालं.

ताप गेला आणि दिव्याला दोन वाती दिसू लागल्या. घरात कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, कोणी म्हणालं अशक्तपणा. चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणारी नस कमजोर झाली आहे. दोन डोळे एका जागी लागत नाहीत, म्हणून दोन चित्रं. घरी ओळखायची एक खूण आहे: एक डोळा झाकला की दुसरं चित्र गेलं, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय. झाकूनही दोन दिसले तर दोष त्या उघड्या डोळ्यातच. आणि हे अचानक सुरू झालं तर चष्म्याच्या दुकानात जायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी चष्म्याच्या एका काचेला चिकटपट्टी लावून दिली. दोन दिसणं थांबलं, पण अंतर कळेना. जवळचं अंतर आपण दोन डोळ्यांनी मिळून मोजतो. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा, मग ताईची अडचण समजेल. चहा कपाच्या बाहेर सांडायचा. ओट्याची पायरी जमिनीसारखीच सपाट दिसायची. धुऱ्यावरून चालताना पाय बांधीत.

आता ती किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतते. पायऱ्यांच्या कडेला पोरीनं चुन्याचा पट्टा ओढला. उकळत्या तेलाची कढई ती उचलत नाही, आम्ही उचलू देत नाही. काठी घेते, म्हाताऱ्यासारखी दिसते म्हणून आधी घेत नव्हती. बहुतेकांची नस काही महिन्यांत सुधारते, काहींची नाही. तिची थोडी सुधारली आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचीही चौकशी केली. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तरी 30 टक्केच धरतात, सवलतींना 40 लागतात. म्हणजे तो रस्ता बंद.

खरा प्रश्न मोहाचा होता. पहाटे वाकून वेचताना वाघानं बाया धरल्याचं आपल्याला कोणी सांगायला नको. जिला झाड किती लांब ते कळत नाही, तिला झुडपातलं हललेलं किती लांब ते कसं कळणार? तिचं म्हणणं, मी येणारच, नाही आले तर वाटणी कशाची घेऊ. आम्ही म्हटलं, येऊ नको. मग वाटणीवर दोन बैठका गेल्या. काहींचं म्हणणं होतं, जी रानात जाते तिचाच जीव धोक्यात, तर सारखे पैसे का? बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं.

शेवटी ठरलं, वाळवणं, निवडणं आणि वजन तिच्याकडे. काटा ती वाचते, चिकटपट्टीचा चष्मा लावून, आणि आमच्यातल्या कोणाहूनही चोख. वाटणी सारखी. दोघीजणी अजून रुसल्या आहेत, पण हप्ता भरायला येतात.