सलूनमधला दवाखाना



‘हज्जाम’ हा शब्द मूळचा अरबी. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा माणूस. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ दाढी करणारा, केस कापणारा एवढाच उरला. युरोपातही एके काळी न्हावीच छोट्यामोठ्या शस्त्रक्रिया करत. म्हणजे वस्तरा आणि औषधोपचार यांचं नातं तसं जुनंच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या न्हाव्यांनी हे नातं नव्यानं कसं जोडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

अमेरिकेतल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. तिथल्या गोऱ्यांच्या मानानं त्यांना तो लवकर, तरुणपणीच गाठतो. रक्तदाब हे मुकं दुखणं. ते बोलत नाही, कण्हत नाही. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांची आतल्या आत झीज होत राहते आणि एक दिवस चालताबोलता माणूस कोसळतो. तेव्हा घरचे म्हणतात, “अहो, कालपर्यंत तर ठणठणीत होते!”

हे असं का होतं? बरीच वर्षं एक सोपं उत्तर दिलं जायचं. या लोकांच्या रक्तातच ते आहे, असं ते उत्तर. रिचर्ड कूपर या शिकागोच्या डॉक्टरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पटेना. त्यांनी पश्चिम आफ्रिकेत, कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीनं मोजला. १९९७मध्ये त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत शंभरात १६, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३. पूर्वज एकच, पण मुक्काम बदलला तसा आकडा चढत गेला. दोष रक्तातच असता, तर तो नायजेरियातही तेवढाच दिसला असता. तेव्हा माणूस कुठे राहतो, काय खातो, काय काम करतो, कोणता अपमान रोज गिळतो आणि दवाखाना त्याच्यापासून किती लांब आहे, हे बघायला हवं.

आणि दवाखाना फक्त अंतरानंच लांब असतो असं नाही. १९३२मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कगी गावाच्या परिसरात अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या सुमारे ४०० जणांना गरमी, म्हणजे सिफिलिस हा रोग होता. “तुमचं रक्त बिघडलंय, त्यावर इलाज करतोय,” असं त्यांना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात इलाज न करता रोग शरीराचं काय करतो, एवढंच पाहिलं जात होतं. पुढे पेनिसिलिन आलं, ते या रोगावर रामबाण ठरलं, तरी या माणसांना ते मिळू दिलं नाही. १९७२मध्ये वर्तमानपत्रांनी ही गोष्ट उघड केली, तेव्हा कुठे ते थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीनं माफी मागितली ती १९९७मध्ये. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे, त्यातला एखादा माणूस पांढऱ्या कोटावर चटकन विश्वास ठेवत नसेल, तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

म्हणून या समाजानं आपल्या आरोग्याची सोय आपल्याच जागांमध्ये शोधली. ब्लॅक पँथर हे नाव आपल्या ओळखीचं आहे. १९७२मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं ते त्यांच्याकडूनच घेतलं. पण त्या ब्लॅक पँथरनी वस्त्यांमध्ये मोफत दवाखानेही चालवले होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. पुढे बाल्टिमोर शहरात डॉ. एलायजा साँडर्स या कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञानं रक्तदाब तपासण्याचं काम चर्चमध्ये आणि सलूनमध्ये नेलं. लोक दवाखान्यात येत नाहीत ना, मग लोक जिथं जातात तिथं आपण जाऊ, असा साधा हिशोब.

सलूनच का? तिथलं सलून म्हणजे नुसतं केस कापायचं दुकान नव्हे. तिथं राजकारण, खेळ, नोकरी, घरातली भांडणं, सगळं बोललं जातं. गावच्या पारासारखीच ती जागा. मालक आपल्यातलाच. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसणारं. मानेवर वस्तरा फिरत असताना डोळे मिटून बसता येतं, त्या माणसावर आणखी किती विश्वास हवा?

डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी हा विश्वास शास्त्रीय कसोटीला लावला. आधी टेक्सास राज्यातल्या डलास परगण्यात १७ सलूनमध्ये प्रयोग झाला. न्हाव्यांनी गिऱ्हाइकांचा रक्तदाब मोजायचा आणि जास्त निघाला तर डॉक्टरांकडे जायला सांगायचं. फरक पडला, पण माफक. कारण खुर्चीतून उठून दवाखान्यापर्यंत जाण्याची वाट तशीच लांब राहिली होती.

मग लॉस एंजेलिसमध्ये पुढचं पाऊल पडलं. ५२ सलून आणि उच्च रक्तदाब असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. यातले बहुतेक जण साधारण दर पंधरवड्याला, दहा-दहा वर्षांपासून त्याच सलूनमध्ये येणारे. काही सलूनमध्ये न्हाव्यानं फक्त सल्ला द्यायचा होता. मीठ कमी करा, डॉक्टरांना भेटा, असा. उरलेल्या सलूनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेले औषधतज्ज्ञ स्वतः येत. गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी आधी करार करून तिथंच रक्तदाब मोजत, तिथंच औषध लिहून देत, मात्रा कमीजास्त करत. औषधंही फार महागडी नव्हती. आपल्याकडच्या कोणत्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी त्यात होती. औषधाच्या आणि येण्याजाण्याच्या खर्चासाठी दर भेटीला २५ डॉलर दिले जात.

२०१८मध्ये निकाल आला. सुरुवातीला दोन्हीकडे रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी १५०च्या पुढे होता. सहा महिन्यांनी, नुसता सल्ला मिळालेल्यांचा तो सुमारे ९नं उतरला. औषधतज्ज्ञ सलूनमध्ये येत होते, त्यांचा उतरला २७नं. रक्तदाब १३०/८०च्या खाली आला असे लोक एकीकडे शंभरात १२ सुद्धा नव्हते, दुसरीकडे जवळपास ६४ होते. बारा महिन्यांनंतरही हा फरक टिकला. डॉ. व्हिक्टर मात्र त्याच वर्षी वारले.

श्रोतेहो, यातली मेख नीट पाहू या. माणसं तीच, शहर तेच, सलूनही तसलीच. “हट्टी आहेत, औषधं घेत नाहीत” असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जायचं, त्यांनीच ती नेमानं घेतली. बदलली ती औषध देण्याची जागा आणि देणाऱ्याची रीत. आणि नुसता उपदेश पुरत नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसलं. न्हाव्याच्या शब्दाला वजन होतं, पण त्याच्या शब्दामागे गोळी हजर झाली, तेव्हा तो शब्द कामाला आला. मी शब्दांवर जगणारा माणूस. तरी हे मला कबूल करावंच लागेल.

अडचणी नाहीत असं नाही. औषधतज्ज्ञ सलून-सलून फिरणार, तर त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार? संशोधनाचा निधी संपला की असे प्रयोग बंद पडू शकतात. आणि आपला शेजारधर्म म्हणून रक्तदाब मोजणाऱ्या न्हाव्यानं किती दिवस फुकट राबायचं? शिवाय पुरुषांच्या सलूनमध्ये बायका कशा येणार? त्यांच्यापर्यंत पोचायला चर्च आहेत, ब्यूटी पार्लर आहेत. तिथंही अशी कामं चालली आहेत. पण हृदयविकाराचं मूळ घरभाड्यात, मजुरीत आणि ताज्या भाजीच्या दुकानाच्या अंतरातही आहे. ते न्हाव्याच्या कात्रीनं कापलं जाणार नाही. ते काम सरकारचं आहे आणि सलूनकडे बोट दाखवून त्याला ते टाळता यायचं नाही.

तरीही त्या ५२ सलूनांनी एक गोष्ट पक्की सिद्ध केली. लोकांचा विश्वास विकत घेता येत नाही, पण तो जिथं आधीपासून आहे तिथं जाऊन बसता येतं. मात्र जाताना हात जोडून जावं लागतं आणि पिशवीत औषध घेऊन जावं लागतं. यातलं एक विसरलं, तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही.