सर्वांत कमी दर



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र हाती पडले तेव्हा आम्हांस वाटले, टपालवाला घर चुकला. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे; आम्ही तर जन्मभर खडी, वाळू आणि सिमेंट यांच्या संगतीत राहिलेले सरकारी ठेकेदार. ठेकेदार हा शब्द ऐकताच पुढच्या दोन-तीन रांगांत हसू उमटले, ते आम्ही पाहिले. त्याचा राग नाही. ते हसू आम्ही कमावलेले आहे. कसे कमावले, तेच आज सांगावयाचे आहे.

आपण आपले घर बांधता तेव्हा ओळखीच्या गवंड्याला बोलावता. त्याचा दर पटला नाही तर दुसऱ्याला विचारता, आणि कोणाला काम दिले याचा जाब कोणाला देत नाही. सरकारला ही मुभा नाही. राज्याचा करारसुद्धा मंत्र्याच्या वा अभियंत्याच्या नावाने होत नाही; संविधानाच्या २९९ व्या कलमाप्रमाणे तो राज्यपालांच्या नावाने करावा लागतो. पैसा सर्वांचा, म्हणून संधीही सर्वांना. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन फराळाची दुकाने चालवावयास द्यावयाची होती. पाच वर्षांच्या अनुभवाचा नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलवालाच हवा, अशी अट जाहिरातीत होती. काम मात्र मिळाले ती अट पुरी न करणाराला, कारण त्याने पैसे सर्वांत जास्त देऊ केले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, सरकारने स्वतः घातलेली अट सरकारला मोडता येत नाही. गंमत अशी की, तत्त्व जिंकले आणि दावा हरला. फिर्यादी उशिरा आला होता आणि तोवर दुसऱ्याने तेथे पैसा घातला होता. परंतु तो निकाल आजही प्रत्येक निविदेच्या पाठीशी उभा आहे.

म्हणून अधिकारी काय करतो? ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम देतो. यात त्याला लबाडी करावयाची नसते. उलट लबाडीचा आरोप टाळावयाचा असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे काम चांगले, हे त्याला ठाऊक असते, पण ते कागदावर सिद्ध कसे करणार? कमी आकडा मात्र शाळकरी पोरालाही सिद्ध करता येतो.

आता आमच्या बाजूला या. खाते दरसूचीवरून अंदाजपत्रक करते. टक्केवारीच्या निविदेत आम्ही फक्त एक आकडा लिहावयाचा: अंदाजपत्रकाहून इतके टक्के जास्त किंवा इतके टक्के कमी. १९८६ साली एका गावच्या शाळेच्या दोन खोल्यांसाठी आम्ही एकोणीस टक्के कमी लिहिले. का? हिशेब केला म्हणून नव्हे. आमचा मिक्सर चार महिने दारात उभा होता, माणसे बसून खात होती, आणि शेजारच्या तालुक्यातला एक गडी पंधरा टक्के कमी लिहिणार अशी कुणकुण लागली होती. काम मिळाले. पेढे वाटले. मग रात्री दिवा लावून हिशेब केला आणि झोप उडाली.

एकोणीस टक्के कोठून काढावयाचे? मजुरी कमी होत नाही, डिझेल कमी होत नाही. उरते ते पोटात जाणारे, जे मागाहून दिसत नाही. एकास दोन-चार प्रमाणाच्या एक घनमीटर काँक्रीटला सुमारे साडेसहा पोती सिमेंट लागते. पाच पोती घातलीत तरी स्लॅब तसाच दिसतो, तसाच वाजतो, चुना लावला की तसाच शोभतो. पायाचेही तेच. माती लोटली की तो दीड हात गेला की तीन हात, हे पृथ्वीला ठाऊक. मोजमाप पुस्तिकेचा नियम आहे की, झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजावे. तिच्या पानांवर छापील आकडे असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर सही लागते. ज्या कोणी ते नियम केले त्याला आमची जात पुरती ठाऊक होती!

स्लॅब पडला त्या संध्याकाळी कनिष्ठ अभियंता आला. कोवळा पोरगा, नोकरीचे दुसरे वर्ष. मिक्सरकडे त्याने पाहिलेही नाही. कोपऱ्यात पोत्यांचा ढीग होता तिकडे जाऊन म्हणाला, "शेठ, रिकामी पोती मोजू या का?" एकशे चार हवी होती, चौऱ्याऐंशी भरली. आम्ही म्हणालो, "साहेब, काही पोती मजुरांनी पांघरायला नेली असतील." तो म्हणाला, "असतील. येऊ दे परत, मी थांबतो." तो रात्री नऊपर्यंत थांबला. पोती आली नाहीत. त्याने आवाज चढवला नाही, पैसे मागितले नाहीत, फक्त मोजमाप लिहिले नाही. स्लॅब आमच्या खर्चाने फोडावा लागला, आणि दुसरा घातला तेव्हा आमच्या घरातल्या पाटल्या सावकाराकडे गेल्या होत्या.

टक्केवारीचे काय, असे आपण मनात विचारता आहात. होय, काही ठिकाणी आम्ही दिली. ती कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते, पण निघते त्याच सिमेंटच्या पोत्यातून. याहून जास्त बोललो तर ती फुशारकी होईल.

त्या फजितीनंतर आम्ही नीट काम करू लागलो. दर पाचसात टक्क्यांच्या आत ठेवला, कामे कमी मिळाली. आणि मग दुसरा धडा मिळाला. चोख केलेल्या एका कामाचे देयक चौदा महिने अडकले. कोणाचा दोष? निधी आला नव्हता, एवढेच उत्तर. सावकाराचे व्याज निधीची वाट पाहात नाही. पुढच्या निविदेत ते व्याज आम्ही दरात घालावे तर काम जाते. न घालावे तर पुन्हा पोती मोजण्याची पाळी. कमी दर आणि उशिराचा पैसा ही जुळी भावंडे आहेत, आणि आमच्या मते धाकटे अधिक खोडकर आहे. केंद्राच्या अर्थखात्याने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सूचना काढल्या, त्यांत दोन्हींचा विचार आहे. चालू देयकाची किमान पंचाहत्तर टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत द्यावी, उरलेली तपासून अठ्ठावीस कामकाजी दिवसांत. आणि काही निवडक कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत वजन द्यावे. सूचना उत्तम आहेत. पण त्या केंद्राच्या, आणि गावची शाळा केंद्र बांधीत नाही.

आपण नागरिकांनी काय करावे? माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा कागदांच्या नकलांसाठी आहे, असा समज आहे. त्याचे दुसरे कलम वाचा. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार त्यात आपणांस दिलेला आहे. वापरणारा मात्र विरळा.

आम्ही तो गेल्या वर्षी वापरला. आमच्या गल्लीतल्या गटाराची खोली पुस्तिकेत साठ सेंटिमीटर लिहिलेली होती. अर्ज करून, अभियंत्यासमक्ष फीत लावली, बेचाळीस भरली. ठेकेदाराला बोलावणे गेले. आला तो आमच्याच जुन्या मुकादमाचा मुलगा. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "काका, निविदा किती खाली गेली होती, ते बोर्डावर वाचलंत ना?"

वाचले होते. सत्तावीस टक्के.

गटार त्याने पुन्हा खोदून नीट केले. त्याचे देयक, काल चौकशी केली तेव्हा, अजून निघालेले नव्हते.