शॅमेलिऑनचे बिऱ्हाड

पावसाळा सरत आला की जबलपूरसारख्या, रानाला लागून वसलेल्या शहराच्या रस्त्यांवर क्वचित एक विलक्षण प्राणी आढळतो. एक पाऊल उचलावे, ते हवेत तसेच धरून मागेपुढे झुलावे, आणि मग कोठे ते टाकावे, अशी त्याची चाल! तो रस्ता ओलांडीपर्यंत दोन मोटारी सहज येऊन जातात. हा शॅमेलिऑन. कुंपणावर बसून मान हलविणारा आपला नेहमीचा सरडा वेगळा आणि हा वेगळा. महाराष्ट्रात काही ठिकाणी त्याला घोयरा म्हणतात. जबलपुरात मात्र दोघांनाही गिरगिट हे एकच नाव. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आढळते.

तो विषारी आहे या समजुतीने कोणी त्याला दगड मारतो. वास्तविक त्याच्या अंगी विषाचा लवलेशही नाही. दुसरा एखादा दयाळू मनुष्य त्याला उचलून घरी आणतो, जोड्यांच्या खोक्यात ठेवतो, वाटीत पाणी आणि कोबीचे पान देतो. मुले भोवती जमतात. त्याला लाल रुमालावर, मग हिरव्या उशीवर बसवून पाहतात. चार दिवसांनी तो काळवंडतो, त्याचे डोळे खोल जातात. दगडाने जे झाले असते तेच मायेने, पण सावकाश होते.

याचे कारण त्याच्या शरीराच्या ठेवणीतच आहे. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशी जुळलेली असतात. तो पाय नव्हे, फांदी धरण्याचा चिमटाच. शेपूट हा पाचवा हात, आणि पालीसारखा तो तुटला तर पुन्हा उगवत नाही. सपाट तळावर ठेवलेला शॅमेलिऑन म्हणजे जमिनीवर आणलेली होडी. वाटीतले साचलेले पाणी बहुधा त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानावरून ओघळणारा थेंब तेवढा तो चाटतो. कोबीचे पान त्याच्या उपयोगाचे नाही, कारण हालणारा किडाच त्याला अन्न वाटतो. दोन डोळे दोन दिशांना फिरवून तो भक्ष्य हेरतो आणि अंगाएवढी लांब जीभ फेकून ते टिपतो. रुमालाचा रंग तर तो घेतच नाही. त्याचा रंग पालटतो तो ऊन, थंडी, भीती आणि प्रतिस्पर्धी यांमुळे. मादागास्करच्या एका जातीवर जिनेव्हातील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमीजास्त होऊन हे रंग उमटतात. मुलांना जी गंमत वाटते ती पुष्कळदा त्या जिवाची घाबरगुंडी असते.

परदेशात येमेनी शॅमेलिऑन पैदास करून पाळतात. त्या हौशी लोकांनी अनुभवाने शिकलेल्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. एका प्राण्याला सुमारे दोन फूट लांबरुंद आणि चार फूट उंच पिंजरा हवा, तोही जाळीचा. काचेच्या पेटीत हवा कोंडते, आणि स्वतःचे प्रतिबिंब शत्रू समजून तो झुरतो. दोघांना एकत्र ठेवायचे नाही. जिवंत झाडे, निरनिराळ्या जाडीच्या फांद्या, वर एका बाजूला ऊब आणि खाली सावली. अतिनील किरणांचा दिवा लागतो, आणि त्याचा उजेड दिसत राहिला तरी ते किरण वर्षभरात मंदावतात. खिडकीच्या काचेतून ते फारसे येतच नाहीत. किरण आणि चुना यांवाचून हाडे मऊ होऊन वाकतात. म्हणून रातकिडे, नाकतोडे आधी भाजीपाल्यावर पोसायचे, मग चुन्याची भुकटी लावून द्यायचे. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्यायचे, कारण ते झोपलेल्या धन्यालाच चावतात! मादीला अंडी घालण्यासाठी ओलसर मातीचा खोल थर हवा. तो नसला तर अंडी पोटातच अडकून ती मरते. इतके करून जबलपूरचा मे महिना बेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि जानेवारीची रात्र दहाच्या खाली उतरते. एक झाड जे फुकट करते, त्याची ही अपुरी नक्कल आहे.

शिवाय आपला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेला आहे. त्याला पकडणे, पाळणे वा विकणे हा अपराध आहे. परदेशी जातींचीही नोंदणी आता, २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार, करावी लागते.

मग रस्त्यावर सापडलेल्याचे काय करावे? धडधाकट असेल तर काठी पुढे करावी. तो आपणहून तिच्यावर चढतो. तो ज्या बाजूस निघाला होता त्याच बाजूच्या झाडावर काठी टेकवावी. जखमी असेल तर वन विभागाला कळवावे. १९४८ पासून जबलपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आता तेथील विद्यापीठात वन्यप्राण्यांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र संस्थाही आहे, हे या शहराचे भाग्य. माणसे येईपर्यंत हवेशीर टोपलीत एक आडवी फांदी बांधावी, वर सुती कापड टाकून ती सावलीत, मांजरापासून दूर ठेवावी. पानांवर पाणी शिंपडावे. तोंड उघडून काही भरवू नये, आणि शेजाऱ्यांना दाखविण्यासाठी कापड उचलू नये. हे शेवटचेच सर्वांत अवघड जाते.

शॅमेलिऑनचा शेजार हवाच असेल, तर छावणी भागातील जुन्या बंगल्यांना होती तशी मेंदीची दाट कुंपणे राखावीत आणि कीटकनाशकाची फवारणी थांबवावी. किडे येतील, त्यांच्यामागून कदाचित तोही येईल. एखादी मादी झाडावरून उतरून वाफ्यात खड्डा खणताना दिसली, तर माळ्याला सांगून त्या कोपऱ्यापुरती कुदळ काही महिने बाजूला ठेवावी.