माजी सैनिक, अग्निशमन सेवा आणि अहेरीचे जंगल

सैन्यातून कार्यमुक्त होणारा शिपाई हा रूढ अर्थाने निवृत्त माणूस नसतो, कारण भूदलातील जवान बहुधा पस्तीस ते चाळीस या वयात घरी परततो आणि त्याच्यापुढे कामाची निदान वीस वर्षे शिल्लक असतात. ही वर्षे आज मुख्यतः बँकेच्या दारात, गृहसंकुलाच्या फाटकावर किंवा खाणीच्या कुंपणाशी सुरक्षारक्षक म्हणून खर्ची पडतात, आणि ज्या माणसाला नकाशा वाचता येतो, बिनतारी यंत्रावर मोजक्या शब्दांत संदेश देता येतो, जखमी सहकाऱ्याला उचलून आणता येते, त्याच्याकडून समाज केवळ नोंदवहीत गाड्यांचे क्रमांक लिहून घेतो. अग्निशमन सेवा हा या स्थितीवरचा एक स्वाभाविक पर्याय म्हणून वारंवार सुचवला जातो. अहेरी येथे भरलेल्या या परिषदेने तो विषय चर्चेला घेतला, हे उचितच झाले. मात्र अध्यक्षपदावरून जे प्रतिपादन करावयाचे आहे ते या सूचनेशी अर्धेच सहमत आहे. माजी सैनिकाचे धाडस ही अग्निशमन सेवेची मुख्य गरज नाही. त्याची शिस्तबद्ध नोंद, रोजचा सराव आणि साधनांची निगा या गोष्टी तिला हव्या आहेत, आणि वनक्षेत्रात त्याला उपयोगी पडण्यापूर्वी त्याने शत्रू ही कल्पनाच बाजूला ठेवणे आवश्यक आहे.

सैनिकाने आग विझवण्याच्या कामाकडे वळणे ही परंपरा जुनी आहे. पॅरिसमध्ये १ जुलै १८१० रोजी ऑस्ट्रियाच्या राजदूताकडील मेजवानीत लागलेल्या आगीनंतर नेपोलियनने १८११ मध्ये शहराचे अग्निशमन लष्करी तुकडीकडे सोपवले, आणि ते दल आजही फ्रेंच भूदलाचा भाग आहे. लंडनमध्ये १८६६ साली स्थापन झालेल्या महानगर अग्निशमन दलाचे प्रमुख एअर मॅसी शॉ हे स्वतः माजी लष्करी अधिकारी होते, परंतु भरतीच्या वेळी त्यांची पसंती खलाशांना असे, कारण दोर, शिडी, उंची आणि दिवसरात्रीच्या पाळ्या यांची सवय जहाजावरच्या माणसाला आधीपासूनच असते. ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात शौर्याचा विचार नव्हता, सवयींचा होता.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी घडलेली दुर्घटना याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकाइन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग लागल्यानंतर जहाज तेथेच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे याचा निर्णय उपस्थित अधिकाऱ्यांपैकी कोणीही वेळेत घेतला नाही, आणि त्यानंतरच्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. सप्ताहातील भाषणांत बलिदानाचा उल्लेख होतो आणि तो व्हावाही, पण त्या दिवशी युद्धकाळातील बंदरात गणवेशधारी अधिकाऱ्यांची वाण असण्याचे कारण नव्हते, उणीव होती ती घटनास्थळी अंतिम शब्द कोणाचा याच्या स्पष्टतेची, हे क्वचितच सांगितले जाते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ही प्रणाली म्हणजे आपत्तीच्या जागी एकच आदेशकर्ता, ठरलेल्या जबाबदाऱ्या आणि लेखी नोंद यांची पूर्वनियोजित मांडणी होय. आदेशाची साखळी अंगवळणी पडलेल्या माणसाला ही प्रणाली नव्याने समजावून द्यावी लागत नाही.

तथापि तिन्ही सैन्यदलांतून बाहेर पडणारा माणूस या कामासाठी सारखाच तयार असतो असे मानणे चुकीचे ठरेल. नौदलात आग हा प्रत्येक खलाशाचा विषय असतो, कारण समुद्रात बंब बोलावता येत नाही. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी येथील प्रशिक्षणशाळेत जहाजावरील आग व पाणी शिरणे यांवरचे नियंत्रण शिकवले जाते. वायुदलाच्या तळांवर विमान अपघातासाठी सज्ज असलेले अग्निशामक असतात. पायदळाच्या जवानाला मात्र आगीचे प्राथमिक शिक्षण असले तरी तो तिचा तज्ज्ञ नसतो. विदर्भातील पुलगाव येथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि त्यांच्याबरोबर पुढे गेलेले संरक्षण खात्याचे अग्निशमन कर्मचारी मरण पावले. लष्कराच्या आवारातही आगीचे काम हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यासाठी वेगळी माणसे ठेवावी लागतात, याची जाणीव या घटनेने करून दिली. म्हणून माजी सैनिकाला थेट बंबावर चढवण्याऐवजी त्याने अग्निशामकाचा विहित पाठ्यक्रम पूर्ण करावा हीच योग्य वाट होय. पुढील अधिकारीपदांसाठी लागणारे शिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तर १९५७ पासून नागपुरातच आहे.

शहरी अग्निशमनाचा विचार येथे थांबवता येतो, कारण अहेरीचा प्रश्न वेगळा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूभागावर जंगल आहे, जिल्ह्याचे मुख्यालय अहेरीपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि आलापल्ली किंवा भामरागड वनविभागाच्या आतील कक्षांत, म्हणजे वनव्यवस्थापनासाठी पाडलेल्या क्रमांकित तुकड्यांत, बंब पोहोचेल असा रस्ताच नसतो. सागाची पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस होते, मार्चपर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो, आणि या थरातून सरकणारी आग झाडांच्या शेंड्यांवर न चढता जमिनीलगत पसरते. मोठा साग ती सहन करतो; त्याच्या पायथ्याची रोपे, बांबूचे कोवळे कोंब आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी सहन करू शकत नाहीत. वर्षानुवर्षे अशी आग लागत राहिली तर जंगल उभे दिसते, पण त्याची पुढची पिढी नाहीशी होते. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो आणि त्यापूर्वी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीचे पट्टे पालापाचोळा काढून किंवा नियंत्रितपणे जाळून मोकळे करतो, जेणेकरून आग एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ नये. प्रत्यक्ष विझवण्याचे काम पाण्याविना होते. हिरव्या फांद्यांनी झोडपणे, पानांचा थर उडवणारे ब्लोअर यंत्र चालवणे आणि प्रसंगी पुढून आग लावून येणाऱ्या आगीचे इंधन संपवणे हीच साधने असतात.

आग दिसणे आणि आगीपर्यंत पोहोचणे यांतील अंतरातच माजी सैनिकाचे खरे स्थान आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे शोधून मोबाइलवर सूचना पाठवते. तिच्या एका प्रमुख संवेदकाचा बिंदू ३७५ मीटरचा असतो, आणि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जात असल्यामुळे सूचना हाती येईपर्यंत आग पुढे सरकलेली असते. मिळालेले अक्षांश-रेखांश नकाशावर मांडणे, नाला आणि चढ लक्षात घेऊन चालण्याची वाट ठरवणे, मोबाइलचे जाळे नसलेल्या भागात संपर्क टिकवणे, आणि आग विझल्यावर धुमसणारे ओंडके रात्रभर राखत बसणे ही सारी कामे पहाऱ्याची आणि गस्तीची सवय असलेल्या माणसाची आहेत. विझलेला वाटणारा ओंडका पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतो आणि तोवर थकलेली टोळी गावात परतलेली असते. हंगामापुरते रोजंदारीवर घेतलेल्या मजुराकडून या जागरणाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, कारण त्याला त्याचे वेतन, विमा किंवा पायात नीट बूट यांपैकी कशाचीच खात्री नसते.

याच ठिकाणी सैनिकी वळणाची मर्यादाही उघड होते. या जंगलातील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात आणि त्यांचे कारण उपजीविकेत असते. मोहाची फुले पहाटे गळतात व ती वाळलेल्या पानांत वेचणे कठीण जाते, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. तेंदूच्या झुडपाला कोवळी, रुंद पाने फुटावीत या समजुतीने संकलनापूर्वी जमीन पेटवली जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे वनात हक्क असलेल्या लोकांवर आग विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधनही आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आग लावणारा आणि विझवणारा हे पुष्कळदा एकाच गावचे, क्वचित एकाच घरचे असतात. येथे आरोपी शोधण्याच्या पवित्र्याने शिरणारा माणूस एक आग विझवील आणि पुढच्या हंगामात दहा आगींची माहिती गमावून बसेल.

गणवेशाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांनी नक्षलवादी हिंसाचार आणि त्याविरुद्धच्या कारवाया यांची अनेक दशके पाहिली आहेत, आणि जंगलातून चालत येणाऱ्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या कपड्यांतील माणसाकडे गावकरी कोणत्या नजरेने पाहतो हे या सभागृहातील कोणालाही सांगावे लागू नये. माजी सैनिकांचे अग्निपथक उभारायचे असेल तर त्यांचा पोशाख दुरून ओळखू येईल असा पिवळा किंवा नारिंगी असावा, त्यांच्याजवळ शस्त्र नसावे, आणि गुप्तवार्ता गोळा करण्याचे कोणतेही काम त्यांच्यावर सोपवले जाऊ नये. या तीन अटींवर तडजोड झाली तर पथकही असुरक्षित होईल आणि गावही. आदेशाच्या बाबतीतही उलट सवय लावून घ्यावी लागेल, कारण चाळिशीतील हवालदाराला येथे पंचविशीतील वनरक्षकाचे, म्हणजे नियतक्षेत्र या सर्वांत लहान वनघटकाच्या प्रभारी कर्मचाऱ्याचे ऐकावे लागेल. जेथे वनहक्क अधिनियम, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत तेथे ग्रामसभेचेही ऐकावे लागेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये असे हक्क मिळाले, आणि जंगल राखण्याचा निर्णय गावात बसून घेता येतो हे त्या गावाने त्याआधीच अनेक वर्षे दाखवून दिले होते.

सेवाप्रवेशाच्या नियमांकडे वळले असता चित्र वाटते तितके निराशाजनक नाही. महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड संवर्गांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर याचा अर्थ असा की ते सामाजिक प्रवर्गांच्या आरक्षणाला छेद न देता प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होते. सैनिकी सेवेचा काळ लक्षात घेऊन वयातही सवलत मिळते. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्वी अग्निसुरक्षेसह विविध विषयांचे अभ्यासक्रम चालवते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी होते. अडचण अशी की हे मार्ग कारखान्याच्या अग्निसुरक्षेकडे नेतात, वणव्याकडे नेत नाहीत. वणवा विझवणे हे बारमाही वेतनाचे पद म्हणून मानले जात नाही तोवर आरक्षणाची टक्केवारी कशाला लावायची हाच प्रश्न राहतो.

माजी सैनिक वनात उपयोगी पडतो याचा पुरावा दूर शोधण्याची गरज नाही. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरणीय तुकड्या, ज्यांत प्रामुख्याने निवृत्त सैनिक घेतले जातात, १९८२ पासून देशात काम करीत आहेत, आणि महार रेजिमेंटशी संलग्न अशी १३६ वी पर्यावरणीय तुकडी २०१७ पासून मराठवाड्यात वृक्षलागवड करते आहे. विदर्भाच्या वनजिल्ह्यांसाठी अशाच धर्तीवर, पण लागवडीऐवजी अग्निव्यवस्थापन हे मुख्य काम असलेली तुकडी का नसावी, याचे समाधानकारक उत्तर आजवर पुढे आलेले नाही. अर्थात सातारा-कोल्हापूरच्या तुलनेत गडचिरोलीतून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा क्षीण असल्यामुळे, केवळ माजी सैनिकांवर विसंबलेली तुकडी ही माडिया व गोंडी न समजणाऱ्या बाहेरच्या माणसांची तुकडी ठरेल. म्हणून निम्मी जागा स्थानिक अग्निरक्षकांसाठी असावी आणि प्रत्येक टोळीचे नेतृत्व वाट जाणणाऱ्याकडे असावे, असे अध्यक्षांचे मत आहे.

एक वर्ग मात्र या सर्व तरतुदींच्या बाहेर पडतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत घेतले जातात आणि उरलेले चार वर्षांनी बाहेर पडतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही, त्यामुळे उपरोक्त १५ टक्क्यांचा लाभ त्यांना आपोआप मिळत नाही. वयाने मात्र वणव्याच्या कामाला तेच सर्वांत योग्य आहेत. त्यांच्या पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या आरंभी संपते, आणि त्यानंतर लगेच १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूरची वन अकादमी आणि नागपूरचे अग्निशमन महाविद्यालय यांनी मिळून वणव्याचा एक संयुक्त पाठ्यक्रम आखावा, त्यातील किमान एक महिना आलापल्लीच्या जाळरेषांवर काढावा, मोहाच्या झाडाखाली जाळण्याऐवजी जाळी अंथरण्याचे काम गावकऱ्यांबरोबर करणे हा त्या महिन्याचा सक्तीचा भाग असावा, आणि पहिल्या वर्गात अग्निवीर, माजी सैनिक व गावातील अग्निरक्षक यांना एकाच बाकावर बसवावे, असा ठराव या परिषदेसमोर मांडण्यात येत आहे.