उच्चार एक, स्पेलिंगे दोन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण मुलांच्या वह्यांपाशी बसून चाळिशीनंतर जे थोडे इंग्रजी शिकले, त्यातले चार शब्द सांगते.

इंग्रजीत पुष्कळ शब्द उच्चाराने सारखे, पण स्पेलिंगाने व अर्थाने निराळे असतात. 'सन' हा एस-यू-एन लिहिला की सूर्य, एस-ओ-एन लिहिला की मुलगा. आपल्याला याचे नवल नको. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' आपणही बोलताना सारखेच बोलतो. लिहिताना मात्र ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो.

हा घोळ झाला कसा? 'नाइट' म्हणजे सरदार, यातला आरंभीचा 'के' इंग्रज पूर्वी खरोखरच उच्चारीत. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंगे हळूहळू ठरत गेली. पुढे बोलणे बदलले, अक्षरे मात्र जागच्या जागी राहिली.

पाठांतराला युक्ती हवी. 'हिअर' म्हणजे ऐकणे, यात ई-ए-आर म्हणजे कान आहे. 'मीट' म्हणजे मांस, यात ई-ए-टी म्हणजे खाणे आहे. भेटण्याच्या 'मीट'मध्ये दोन 'ई' शेजारी शेजारी भेटतात.

"या वयात हे कशाला?" असे घरीदारी विचारतात. त्यांना मी सांगते, पुड्यावरचे 'वेट' म्हणजे वजन आणि दवाखान्यातल्या पाटीवरचे 'वेट' म्हणजे थांबा. डॉक्टरांच्या कागदावर 'वीक' दोन 'ई'चा असेल तर आठवडा, ई-ए असेल तर अशक्त. मोबाइल ही चूक दाखवीलच असे नाही; त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबर. मुले नोकरीनिमित्त परगावी जातात, घरात आपण दोघेच उरतो. मग आलेला कागद घेऊन कोणाकोणाच्या दारी जायचे? अक्षर ओळखता आले, की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

माझी एक सूचना आहे. दर शनिवारी भजनाआधी फळ्यावर अशी एक जोडी लिहावी. वर्षाकाठी बावन्न जोड्या होतील, आणि फी म्हणाल तर खडूचा तुकडा!