उलाळ विमानाचा तोल

बैलगाडीत धान्याची पोती भरताना ती सगळी मागच्या बाजूला रचली तर काय होते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, गळ्याशी बांधलेल्या पट्ट्या काचू लागतात, आणि चढण लागताच गाडी मागे कलंडू पाहते. अशा गाडीला आपल्याकडे ‘उलाळ’ म्हणतात. शब्द जुना आहे. परंतु आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे, तिला तो इतका चपखल बसतो की दुसरा शोधण्याचे कारण नाही. ही वस्तू म्हणजे जमिनीवर उभे राहून रेडिओलहरींनी चालवायचे छोटे विमान. त्याची शेपटी जड झाली म्हणजे तेही उलाळ होते. फरक इतकाच की, उलाळ गाडी कलंडली तर पोती पुन्हा भरता येतात. विमानाच्या बाबतीत मात्र तीन-चार महिन्यांची मेहनत दहा सेकंदांत मातीला मिळते.

याला खेळणे म्हणावे की यंत्र, हा वाद मी बाजूस ठेवतो. सर्वसाधारण शिकण्यासाठीचे विमान घेतले तर त्याच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास असतो आणि वजन सव्वादोन ते अडीच किलो भरते. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले पातळ आवरण, आणि नाकात साडेसहा घनसेंटिमीटरचे एक इंजिन. हे इंजिन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते, आणि विमान ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने सहज जाते. अशी वस्तू ताब्याबाहेर गेली आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांत शिरली, तर तिला खेळणे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

रेडिओने चालणारे पहिले यशस्वी छोटे विमान १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी उडवले. त्याचे नाव ‘गफ’. पुढे १९४७ साली रे आर्डेन या गृहस्थांनी ‘ग्लो प्लग’ प्रचारात आणला, आणि छोट्या इंजिनांचे ठिणगी पाडण्याचे सगळे लटांबर नाहीसे झाले. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे एक वेटोळे असते. सुरुवातीस ते बॅटरीने तापवावे लागते. एकदा इंजिन चालू झाले, की आतील ज्वलनाने आणि मिथेनॉलवर होणाऱ्या प्लॅटिनमच्या क्रियेने ते आपोआप धगधगत राहते. आपण याला ‘नायट्रो’ इंजिन म्हणतो खरे. पण इंधनात नायट्रोमिथेनचे प्रमाण बहुधा शेकडा पाच ते पंधरा एवढेच असते. मुख्य द्रव्य मिथेनॉल, आणि पाचवा हिस्सा वंगणाचे तेल. नाव एकाचे आणि राबणूक दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे. त्या वंगणात पुष्कळदा एरंडेल असते. लहानपणी ज्याच्या नुसत्या वासाने आपण पळत होतो, तेच एरंडेल मैदानावर जळताना सुवासिक वाटू लागते, हा सवयीचा महिमा! विजेच्या मोटारींवर उडणारी विमाने आता सर्वत्र झाली आहेत. तरीही या धुराची आणि आवाजाची ओढ असणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांतील अनेकांनी हा नाद राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात उचललेला असतो. तो विभाग १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाला.

आता मूळ मुद्दा. विमानाचा तोल पाहायचा म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य कोठे आहे ते पाहायचे. विमान ज्या एका बिंदूवर टेकवले असता पुढेही झुकत नाही आणि मागेही नाही, तो त्याचा गुरुत्वमध्य. साध्या शिकाऊ विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या शेकडा पंचवीस ते तेहतीस इतक्या अंतरावर असावा, असा संकेत आहे. बहुतेक नकाशांवर ती जागा खूण करून दाखवलेली असते. ती जागा तेथेच का, हे मात्र नकाशा सांगत नाही, आणि ते कळल्यावाचून पुढचे सगळे पाठांतर ठरते.

कल्पना करा की विमान सरळ चालले आहे आणि वाऱ्याच्या एका झोताने त्याचे नाक किंचित वर उचलले गेले. वाऱ्याशी होणारा कोन वाढताच पंखाची उचल वाढते, आणि मागच्या आडव्या शेपटीचीही वाढते. या दोन्ही वाढींची बेरीज जणू एका ठरावीक बिंदूवर लागू होते. त्याला आपण तटस्थ बिंदू म्हणू. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल, तर वाढलेली उचल त्याच्या मागे पडते, शेपटी वर ढकलते आणि नाक पुन्हा खाली आणते. विमान स्वतःच स्वतःला सावरते. परंतु गुरुत्वमध्य मागे सरकत तटस्थ बिंदूच्या पलीकडे गेला, तर हीच वाढलेली उचल नाकाला आणखी वर रेटते. चूक दुरुस्त होण्याऐवजी दुणावते. दोन बिंदूंतील हे अंतर म्हणजे विमानाची स्थिरतेची शिल्लक. ती रुंदीच्या शेकडा दहाच्या आसपास असली म्हणजे नवशिक्याला झोप येते. ती पाचाच्या खाली गेली की मुरलेल्या माणसानेही सावध राहावे.

ही गोष्ट माणसाने तशी लवकर ओळखली. फ्रान्समधील आल्फाँस पेनो या तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे अर्ध्या मीटरचे विमान उडवून दाखवले. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेले, आणि कोणाचाही हात नसताना स्थिर गेले. भार पुढे, आणि शेपटी पंखाच्या मानाने किंचित खालच्या कोनात, एवढीच त्याची युक्ती होती. उलट राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान याच बाबतीत अवघड होते. त्याचा गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या मागे असल्याने ते सतत वर-खाली हिंदकळे, आणि केवळ हाताच्या चापल्यावर हवेत राही. १९०४ साली त्या बंधूंनी विमानाच्या पुढच्या भागात लोखंडाची वजने बांधली. विमानविद्येच्या आद्य पुरुषांनाही नाकात वजन घालावे लागले, हे आपल्या छोट्या विमानाला शिसे बांधताना आठवले म्हणजे कमीपणा वाटत नाही.

उलाळ विमान हवेत कसे वागते? धावपट्टीवर पुरता वेग येण्याच्या आधीच ते उडी मारून जमीन सोडते. बघ्यांना वाटते, काय सुरेख उड्डाण! चालवणाऱ्याच्या हाताला मात्र तत्काळ कळते की, काठी केसभर हलवली तरी विमान हातभर हलते आहे. नाक वर गेले म्हणून काठी पुढे ढकलावी, तर ते खाली सूर मारते; मागे ओढावी, तर उभे राहते. अशा दोन-तीन हेलकाव्यांत वेग संपतो, पंखाची उचल एकाएकी नाहीशी होते आणि एक पंख खाली पडून विमान गिरक्या घेऊ लागते. नाकाकडे जड असलेले विमान अशा वेळी नाक खाली घालून पुन्हा वेग घेते. शेपटीकडे जड असलेल्याला ते साधत नाही; त्याच्या गिरक्या कित्येकदा जमिनीवरच थांबतात.

म्हणून तोल घरी पाहावा, मैदानावर नव्हे. मैदानावर मुले भोवती जमलेली असतात, वारा चांगला असतो, आणि ‘उडवून तर पाहू’ असे म्हणणारा एक उत्साही गृहस्थ हटकून हजर असतो. घरी इंजिन, पंखा, चाके, रिसीव्हर, बॅटरी, सगळे जागच्या जागी बसवून, पंखाखाली धडाच्या दोन्ही बाजूंना गुरुत्वमध्याची खूण पेन्सिलीने करावी आणि दोन बोटांच्या टोकांवर विमान उचलावे. पंख धडाच्या वर असतील तर विमान सुलटे धरावे, खाली असतील तर उलटे, म्हणजे ते बोटांवर डगमगत नाही. आणि इंधनाची टाकी रिकामी हवी. यावर मी जरा अडून बसणार आहे. टाकी इंजिनाच्या लगेच मागे, म्हणजे गुरुत्वमध्याच्या पुढे असते. तीत अडीचशे ग्रॅम इंधन मावते आणि ती बारा सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर टाकी रिती होईपर्यंत गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरहून अधिक मागे सरकतो. भरल्या टाकीने तोललेले विमान घराबाहेर पडताना शहाणे असते आणि परतताना उलाळ होते. तेही इंधन संपून इंजिन बंद पडते आणि विमानाला नुसत्या तरंगत खाली उतरायचे असते, नेमक्या त्या घटकेला.

समजा, आपले विमान २४०० ग्रॅमचे आहे, पंख ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ९ सेंटिमीटरवर हवा. प्रत्यक्षात तो साडेदहावर निघाला. दोष दीड सेंटिमीटरचा. २४०० ला दीडने गुणले की ३६०० येतात. हे आपले कर्ज. कावडीच्या न्यायाने ते फेडायचे: वजन गुणिले अंतर. इंजिनामागच्या लाकडी भिंतीशी, म्हणजे गुरुत्वमध्यापासून २० सेंटिमीटर पुढे शिसे लावायचे म्हटले, तर १८० ग्रॅम लागेल. हा नाकापेक्षा मोती जड झाला. विमानाला हे ओझे प्रत्येक उड्डाणात वाहावे लागेल, आणि उतरताना त्याचा वेग वाढेल तो वेगळाच.

शहाणा गाडीवान उलाळ गाडीच्या पुढे धोंडा ठेवत नाही. पोती पुढे सरकवतो. रिसीव्हरची बॅटरी सुमारे १०० ग्रॅमची असते. ती पंखाखालून काढून टाकीच्या खाली, फोममध्ये गुंडाळून बसवली आणि १५ सेंटिमीटर पुढे गेली, तर १५०० फिटले. मग शेपटीकडे पाहावे. शेपटी गुरुत्वमध्यापासून ७५ सेंटिमीटर मागे आणि नाकाचे टोक ३० सेंटिमीटर पुढे. तेव्हा मागचा एक ग्रॅम पुढचे अडीच ग्रॅम मागतो. मोडलेल्या शेपटीवर हौसेने चोपडलेला इपॉक्सी, रंगाचा तिसरा हात, शेपटीचे जाडजूड चाक, असे मिळून २० ग्रॅम उतरवता आले, तर आणखी १५०० गेले. उरले ६००. ते नाकाच्या टोकाशी पितळेच्या जड स्पिनरने भागवायचे, तर साध्यापेक्षा तो २० ग्रॅम जास्त असला की पुरे. १८० ग्रॅमचे ओझे घालण्याचे ठरले होते; आता विमानाचे वजन मुळीच वाढले नाही. काही विमानांत शेपटीचे सर्वोदेखील मागेच बसवलेले असतात. ते पुढे आणून लांब दांड्यांनी जोडता येतात.

पहिल्या महायुद्धातील विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना मात्र शिशावाचून सुटका नाही. सॉपविथ कॅमल घ्या. मूळ विमानाच्या आखूड नाकात भले थोरले फिरते इंजिन होते. आपल्या प्रतिकृतीत मूठभर आकाराचे. तेथे शिसे घालावेच लागते, आणि ते शक्य तितके पुढे घालावे. मोटारीच्या चाकांच्या तोलासाठी टायरवाले लावतात ती चिकटवजने सोयीची खरी. परंतु इंजिनाच्या कप्प्यात धुराड्यातून उडालेले तेल सर्वत्र पसरते आणि चिकटपणा हां हां म्हणता सुटतो. वजन भिंतीच्या आतल्या अंगाला स्क्रूने पक्के करावे. हवेत सुटून मागे घरंगळलेले शिसे हे मुळीच नसलेल्या शिशाहून वाईट. ते हाताळल्यावर हात धुवावेत, हेही ओघाने सांगतो.

इतके करून पहिले उड्डाण करताना एलेव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या फळीची चाल कमी ठेवावी. विमान पुरेशा उंचीवर नेऊन, इंजिनाची गती उतरवून, नाक तीस-चाळीस अंश खाली करावे आणि काठी मोकळी सोडावी. ते सावकाश आपणहून वर आले तर तोल ठीक. झटक्याने वर आले तर नाक जरा जड आहे. ते पुढच्या रविवारी पाहता येईल. आपल्या रेषेत तसेच खाली जात राहिले तर शिल्लक संपत आली आहे. आणि ते आणखीच खाली वळू लागले तर हळुवार हाताने सावरून घ्यावे, वेग पडू देऊ नये, वळणे मोठी घ्यावीत आणि इंजिन चालू असतानाच लांबून, सपाट येत उतरावे. अशा वेळी उतरण्याआधी मैदानाची फेरी मारून दाखवण्याचा मोह आवरलेला बरा.

दुरुस्ती झाली, बॅटरी बदलली, पंखा बदलला, की तोल पुन्हा पाहावा. झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि अंतर लिहून ठेवले तर आठवणीवर विसंबावे लागत नाही. शेवटी टाकी भरून विमान पुन्हा बोटांवर धरले, तर त्याचे नाक चांगलेच खाली झुकलेले दिसेल. ते तसेच असू द्यावे.